बॅटरीचं पाणी

साखरा, ता. सेनगाव
शनिवार, १७ मे २०२५

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि तुमच्या सुनेला, सुनीतीवहिनींना, मध्ये घालून प्रिंटरचं दुखणं सांगायला गेले तर त्या तुम्हाला एवढंच सांगतील, "बिघडलाय म्हणते." म्हणून हे पत्र हरिचंदभाऊंच्या जीपने पाठवते आहे. ते सकाळी हिंगोलीला येतात आणि दुपारी परत निघतात. उत्तर त्यांच्याकडेच द्या.

तुम्ही एप्रिलमध्ये दिलेला प्रिंटर रंग टाकत नाही. काळा ठीक येतो. निळा तुटक, पिवळा पुसट आणि गुलाबी तर पानावर उतरतच नाही. तपासणीचं पान सोबत जोडलं आहे. हेड क्लीनिंग चार वेळा केलं. प्रत्येक वेळी टाकीतली शाई खाली गेली, पानावर फरक शून्य. मोबाईलवरच्या व्हिडिओत एक जण गरम पाणी सांगतो, दुसरा सॅनिटायझर. सेनगावचा मेकॅनिक म्हणाला, हेड नवीन मागवावं लागेल, पंधरा दिवस जातील.

माझ्याकडे सहा दिवस आहेत. शुक्रवारी, २३ तारखेला, दाखले-अर्जांच्या सरकारी सेवा केंद्रासाठी तपासणी आहे. गावात केंद्र एकच मिळणार आणि अर्ज दोघांचे आहेत, माझा आणि वैजनाथचा. अर्जात प्रिंटरचा नंबर लिहिला आहे, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा आणून ठेवता येत नाही. अधिकारी येऊन नंबर ताडून बघणार आणि समोर रंगीत पान काढायला लावणार. पान नीट निघालं नाही तर केंद्र वैजनाथचं. मग मी बी.कॉम. होऊन पुन्हा लोकांच्या सोयाबीनमध्ये खुरपं घेऊन बसायचं.

बाबांना सांगितलं तर हसले. "मशीनचं डोकं तुंबलं व्हय? मालकाला लिव्ह. त्यांची सारी जिंदगी शाईत गेली." तुमच्या छापखान्यात तीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, तेव्हापासून शाईतलं जे काही असेल ते तुम्हालाच कळतं असं त्यांनी ठरवलं आहे.

लवकर कळवा.

आपली,
सरिता सोनाजी

*

हिंगोली
रविवार, १८ मे

चि. सरितास अनेक आशीर्वाद.

पान पाहिलं. हेडच्या तळाला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात, त्यांत शाई वाळून बसली आहे. क्लीनिंगचं बटण आता पुन्हा दाबू नकोस. त्याने शाई संपते, तुंबलेलं निघत नाही.

मशीन माझ्याकडे शेवटच्या आठवड्यापर्यंत उत्तम चालत होतं. तेव्हा चूक तुझ्याकडेच झाली असणार. शाई कुठली भरलीस? सुटी शाई भरली असशील तर खरं सांग.

आता काय करायचं ते लिहितो. मशीन चालू कर. हेड मधोमध सरकलं की भिंतीतल्या बोर्डातून पिन काढून टाक, म्हणजे ते हाताने हलतं. जुन्या सुती कापडाची चौपदरी पट्टी कर, ती ओली करून हेडखाली सरकव आणि हेड तिच्यावर आणून ठेव. सहा तास तसंच राहू दे. नंतर शाईची नळी काढून त्या तोटीला इंजेक्शनची सुई नसलेली सिरिंज मऊ रबरी नळीने जोड आणि अगदी हळू दाब. जोर केलास तर आतला पडदा फुटेल.

बोअरचं पाणी वापरायचं नाही. तुमच्याकडचं पाणी भांड्यांवर पांढरा थर धरतं, तोच थर छिद्रांत बसेल. बॅटरीचं पाणी वापर. ते तुमच्या शेजारच्या गोरेगावला कुठेही मिळेल.

लिहिलं आहे तसंच कर. मधे स्वतःचं काही घालू नकोस. सोनाजीला नमस्कार.

विश्वंभर काका

*

साखरा
मंगळवार, २० मे, सकाळी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

शाई कंपनीचीच आहे, रिकामी बाटलीसुद्धा ठेवली आहे. माझ्याकडे मशीन आल्यापासून एक महिन्यात मी चाळीस पानंही काढली नसतील, तीही काळीच. चूक कुठे झाली ते मला खरंच कळत नाही.

सिरिंज सेनगावच्या मेडिकलमधून आणली. बॅटरीचं पाणी आणायला काल बाबा स्वतः गोरेगावला गेले. मी जाते म्हटलं तर ऐकेनात, "मालकानं काम सांगितलं हे" म्हणून निघाले. ट्रॅक्टर दुरुस्तीच्या दुकानातून काचेच्या बाटलीत भरून आणलं, वर रबरी बूच. दुकानदाराने विचारलं, "नव्या बॅटरीत घालायचं का?" बाबा म्हणाले, "व्हय, बॅटरीचंच पायजे."

एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हे पाणी जरा जड का वाटतं? बाटली तिरपी केली की आत सावकाश वाहतं. आणि बूच काढलं की नाकात थोडं झोंबतं. बाबांनी बाटली खिशात घालून आणली होती. आज सकाळी सदऱ्याच्या खिशाला कुरतडल्यासारखी भोकं दिसली. बाबा म्हणतात उंदीर.

तुमच्या उत्तराला थांबले तर बुधवार उजाडेल आणि कापड सहा तास ठेवायचं आहे. म्हणून आज बारा वाजता लाईट आली की सुरू करते. सकाळी लाईट नसते आणि लाईट नसली की टॉवरही जातो.

आपली,
सरिता

*

हिंगोली
मंगळवार, २० मे, सकाळचे पावणेअकरा

सरिता, बाटलीला हात लावू नकोस. ते पाणी नाही, ॲसिड आहे.

मी सांगितलं ते डिस्टिल्ड वॉटर. आमच्याकडे इन्व्हर्टरमध्ये टाकतात त्याला आम्ही बॅटरीचं पाणी म्हणतो. दुकानदाराने नव्या बॅटरीत भरतात ते दिलं. सदरा उंदराने खाल्लेला नाही.

कुणाच्या अंगावर उडालं असेल तर लगेच भरपूर पाण्याखाली धरा, पंधरा मिनिटं. वर चुना, हळद काही लावायचं नाही. डोळ्यात गेलं असेल तर सेनगावच्या दवाखान्यात न्या, माझ्या पुढच्या ओळी वाचत बसू नका. खात्री करायची असेल तर चिमूटभर खायच्या सोड्यावर एक थेंब टाक. फसफसलं तर ॲसिड.

सुनीती तुला फोन लावते आहे, लागत नाही. बारानंतरही लावत राहील. जीप भरल्याशिवाय हरिचंद निघत नाही, म्हणून रिकाम्या जागा सगळ्या माझ्या असं त्याला सांगितलं आहे. तो आत्ता निघतो आहे.

वि.

(पाकिटावर: हरिचंद, घरात कुणी नसेल तर शोध. चिठ्ठी दारात टाकून येऊ नकोस.)

*

साखरा
मंगळवार, २० मे, संध्याकाळी

काका,

हरिचंदभाऊ सव्वाला आले. गल्लीच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत होते.

बाराला लाईट आली. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावला, त्यामुळे वहिनींचे सात कॉल नंतर दिसले. पट्टी भिजवली, हेडखाली सरकवली. तेवढ्यात लक्ष गेलं तर बाबा अंगणातल्या टाकीवर हात धुताहेत. परत आले, थोडा वेळ बसले, पुन्हा जाऊन धुतले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा मी त्यांचा हात ओढून बघितला. अंगठ्यापासून मनगटापर्यंत लाल पट्टा, मधे कातडी पांढरी पडलेली. बाटली त्यांनीच ओतली होती.

"सांगितलं काहून न्हाई?"

"सांगितलं असतं तर तू काम थांबवलं असतं."

मी म्हटलं, हे पाणी नाही, काढते पट्टी. तर म्हणाले, "मालकानं लिव्हलं हे. डोकं लावू नको, प्रत लाव." मी म्हटलं, बाबा, हात जळतोय तुमचा! ते म्हणाले, "जळू दे. प्रतीत बॅटरीचं पाणी लिव्हलं, म्या बॅटरीचं पाणी आणलं." आणि मी पट्टी ओढून काढेपर्यंत त्यांनी टेबलावर भरून ठेवलेली सिरिंज उचलून गुलाबीच्या तोटीला लावली. दाबली. अर्धा मिली तरी आत गेलं असेल. तेव्हा हॉर्न ऐकू आला.

चिठ्ठी त्यांनीच वाचली. दोनदा वाचली. मग सिरिंज खाली ठेवली आणि टाकीवर जाऊन पंधरा मिनिटं हात पाण्याखाली धरून उभे राहिले, कारण तेही तुम्ही लिहिलं होतं.

हाताला सेनगावला पट्टी करून आणली. डॉक्टर म्हणाले, भरेल.

काका, तुमच्या घरात त्या पाण्याला काय म्हणतात ते आम्हाला कसं कळणार? मला शंका आली होती, मी सकाळी विचारलंही होतं. बाबांना माझ्याआधी कळलं होतं, त्यांच्या कातडीलाच कळलं. तरी त्यांनी विचारलं नाही. तीस वर्षांत तुमच्याकडे काय शिकलात असं मी त्यांना आज विचारलं. ते उठून अंगणात गेले. तुम्ही सांगा.

शुक्रवारचं आता काही खरं नाही.

सरिता

*

हिंगोली
बुधवार, २१ मे

चि. सरितास आशीर्वाद.

आधी कामाचं. हरिचंदसोबत डिस्टिल्ड पाण्याच्या चार सीलबंद बाटल्या पाठवतो. मी मेडिकलमध्ये स्वतः उभा राहून लेबल वाचून घेतल्या. तूही वाच. हेडमध्ये सोडा घालू नकोस, आत खडे होतील. फक्त हे पाणी. सिरिंजने ढकलू नकोस, आधी ओढ. आलेलं पाणी बशीत घे आणि त्यात सोडा टाक. फसफसणं थांबेपर्यंत धूत राहा. मग पट्टी ठेव, सहा तास. एवढं करून हेड वाचेल असं मी लिहून देऊ शकत नाही.

आता दुसरं. मशीन शेवटच्या आठवड्यापर्यंत चालू होतं असं मी लिहिलं, ते खोटं होतं. दिवाळीनंतर मी ते उघडलंच नव्हतं. सहा महिने शाई भरून तसंच पडलं होतं आणि तुला देताना वाटलं, चालेल. चूक तुझ्याकडे नव्हती. तुझ्यावर ढकलताना मला ते ठाऊक होतं.

तिसरं तू विचारलंस. चौऱ्याण्णव साली एक लग्नपत्रिका होती. प्रतीत, म्हणजे गिऱ्हाइकाने लिहून दिलेल्या मजकुरात, नवरीचं नाव निलम, पहिली वेलांटी. सोनाजीने ते स्वतःहून नीलम केलं, कारण बरोबर तेच आहे असं त्याचं म्हणणं. मुलीचं नाव शाळेपासून पहिल्या वेलांटीचं होतं. पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या. त्या दिवशी मी सगळ्या कामगारांसमोर त्याला म्हणालो, "तुझं काम डोकं लावायचं नाही. प्रत लावायचं."

पुढे एकदा बारशाच्या पत्रिकेत वार आणि तारीख जुळत नव्हती. त्याने खिळे तसेच जुळवले. विचारलं तर म्हणाला, "प्रत तशीच हे मालक." त्याला चूक दिसली होती, हे मला त्याच्या तोंडावरून कळलं. आणि खरं लिहायचं तर मला तेव्हा बरं वाटलं.

त्याचा हात कसा आहे ते कळव. त्याला हे पत्र वाचायला दे.

विश्वंभर काका

*

साखरा
गुरुवार, २२ मे, सकाळी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

बाटल्या मिळाल्या. लेबल मी वाचलं, मग बाबांनी वाचलं.

गुलाबीची तोटी अकरा वेळा धुतली. नवव्या वेळेपर्यंत बशीत सोडा फसफसत होता. दहाव्याला चार बुडबुडे आले, अकराव्याला काही नाही. मग पट्टी ठेवली. पट्टी काढली तेव्हा तिच्यावर गुलाबी डाग उमटला होता, मळकट, पण गुलाबी. मी बाबांना हाक मारली.

तपासणीचं पान सोबत आहे. काळा पूर्ण. निळा आणि पिवळा पूर्ण. गुलाबीच्या रेघांत सात ठिकाणी खंड आहे. चेहऱ्याचा फोटो काढला तर गालावर आडवे पट्टे दिसतात. उद्या अकराला अधिकारी येणार. पुन्हा धुऊ की आहे तेवढ्यावर थांबू?

वैजनाथने नवीन मशीन आणलंय, खोक्यासकट दुकानात मांडून ठेवलंय.

बाबांचा हात ठीक आहे. तुमचं पत्र त्यांनी वाचलं आणि घडी घालून टोपीत ठेवलं. 

सरिता

*

हिंगोली
गुरुवार, २२ मे, दुपारी

चि. सरितास आशीर्वाद.

थांब. आता हेड दुखावेल. उद्या पान काढताना साध्यावर काढू नकोस, सर्वांत उच्च दर्जा निवड. हेड एकाच ओळीवरून पुन्हा पुन्हा फिरतं, त्यामुळे खंड बुजतात. एका पानाला चार-पाच मिनिटं लागतील. अधिकारी चुळबुळ करेल. करू दे.

उत्तर मला परवा सकाळच्या आत मिळणार नाही, हे माहीत आहे. जेवण जाणार नाही.

वि.

*

साखरा
शुक्रवार, २३ मे, संध्याकाळी

आदरणीय काका,
सप्रेम जयभीम.

अधिकारी साडेअकराला आले. आधी वैजनाथकडे जाऊन आले होते, चहा तिकडेच झाला होता. आमच्याकडे पाणीसुद्धा नको म्हणाले. मशीनचा नंबर अर्जाशी ताडला. मग पेन ड्राइव्ह दिला. "यात तपासणी अहवालाचा नमुना आहे. वर रंगीत पट्टा आहे, बोधचिन्ह आहे. तेच काढा. इथंच भरतो."

मी उच्च दर्जा निवडला आणि बटण दाबलं. हेड फिरायला लागलं. पान बोटाच्या पेरभर बाहेर येई आणि थांबे. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"इतकं हळू?"

तोंडात एक बहाणा तयार होता. पण म्हटलं, आता नाही. "साहेब, हेड तुंबलं होतं. घरीच धुतलं. गुलाबी अजून पूर्ण सुटला नाही, म्हणून हळू काढावं लागतं."

"हे लिहू का अहवालात?"

"लिहा."

त्यांनी वहीत टिपलं. पट्टा उतरला, गुलाबी बरोबर आला, बोधचिन्ह आलं. मला वाटलं, जमलं. बाबा टेबलाच्या पुढच्या बाजूला उभे होते, पट्टी बांधलेला हात मागे धरून. पान त्यांच्या दिशेनं निघत होतं, म्हणजे त्यांना अक्षरं उलटी दिसत होती. तुम्हाला सांगायला नको, खिळ्यांवरची उलटी अक्षरं वाचून वाचून उलटंच त्यांना सुलट पडतं. एकेक ओळ येत होती तसतशी ते वाचत होते. साध्यावर काढलं असतं तर पान दहा सेकंदांत साहेबांच्या हातात गेलं असतं.

त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

"साहेब, हे चुकलं."

"काय?"

"गावाचं नाव. सारखा लिव्हलं हे. आमचं गाव साखरा."

साहेबांनी पान उचललं. मौजे सारखा, ता सेनगाव. मग खांदे उडवले. "बाबा, हे वरून आलंय. आम्ही हात लावत नाही. जसं आहे तसंच काढायचं असतं."

काका, मी मनात हिशोब केला. साहेब चिडले तर शिफारस गेली. मी बाबांना डोळ्यांनी खुणावलं, राहू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही.

"म्या बी तीस वर्सं तसंच काढलं, साहेब. पण सारखा नावाचं गाव मला या तालुक्यात दाखवा. मी आजच तिकडं राहाया जातो."

दारातून कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मोबाईल काढून यादी उघडली. यादीतही 'सारखा' असंच होतं. मग त्यांचा चेहरा बदलला. बाहेर लिंबाखाली उभं राहून ते वीस मिनिटं कार्यालयाशी बोलत होते. मला तुटक ऐकू येत होतं. "नाही, नाही, मंजुरी निघाली असती तर गावच सापडलं नसतं... हो, दोन्ही अर्ज परत आले असते... नाही, इथल्या एका बाबांनी पकडलं."

आत आले ते थेट माझ्या खुर्चीवर बसले. स्वतः नाव दुरुस्त केलं आणि म्हणाले, "काढा पुन्हा. हळूच काढा." पाच मिनिटं कुणी घड्याळ बघितलं नाही. पान आल्यावर आधी बाबांपुढे धरलं. "बघा, अजून काही?" बाबांनी वरपासून खालपर्यंत वाचलं आणि म्हणाले, "तालुक्यापुढं टिंब न्हाई." साहेबांनी पेनाने टिंब दिलं.

अहवालात लिहिलंय: यंत्र चालू, वेग कमी, रंग समाधानकारक. देखभाल अर्जदार स्वतः करते. शिफारस योग्य. सही, शिक्का. वैजनाथच्या नव्या मशीनला शाईच भरलेली नव्हती, चालवून दाखवता आलं नाही, हे हरिचंदभाऊंनी जाताना सांगितलं. मंजुरीचं पत्र महिनाभरात येईल.

जेवून घ्या.

आपली,
सरिता

ता. क. बाबांना चार ओळी लिहायच्या आहेत. डाव्या हाताने लिहिताहेत, सांभाळून घ्या.

मालक,
हात बरा हे. तुमचं पत्र वाचलं. निलमचं मला याद हे. तवा मी पोरीच्या बापाला इचारायला पायजे होतं, तेवढी चूक माझी. बारशाच्या पत्रिकेची चूक माझी न्हाई. तवा तुमी मला इचारलं, पन उत्तर आयकून घेतलं न्हाई. खरी तारीख पंधरा होती, छापलेली सोळा न्हाई. लोक सोळाला आले. लेकराचं नाव ठेवून झालं होतं. इतके दिवस कुनाला सांगितलं न्हाई, आज तुमाला सांगतो.
सोनाजी